ओपनओसीडीवर बाउंडरी स्कॅन: एक्सटेस्ट लागतो, पण पिन टिकत नाही

बाउंडरी स्कॅन म्हणजे चिपेच्या पिना जेटॅग या चाचणी-जोडणीतून बाहेरून चालवून आणि वाचून बोर्डावरच्या जोडण्या तपासणे. त्यासाठी ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर वापरताना तक्रार साधारण अशी असते. ओपनओसीडी चिप ओळखते, आयडी बरोबर छापते. एक्सटेस्ट (पिनांचा ताबा चाचणीकडे देणारी सूचना) टाकला की एलईडीची पिन क्षणभर वर जाते आणि लगेच पडते. किंवा पिन टिकते, पण परत वाचलेले बिट्स टाकलेल्या बिट्सशी जुळत नाहीत. तोच बोर्ड पुन्हा चालवला की निकाल तिसराच. मग संशय बोर्डावर जातो, चिप उपटून दुसरी लावली जाते आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

भोसरी, चाकणच्या पट्ट्यात थोड्या संख्येने बोर्ड जोडणाऱ्या युनिटांना महागडे बाउंडरी स्कॅन यंत्र परवडत नाही. एफटी२२३२एच या चिपेवरचा यूएसबी-जेटॅग अडॅप्टर आणि ओपनओसीडी एवढ्यावर काम भागवावे लागते, आणि ते भागतेही. फक्त ओपनओसीडी हे मुळात डीबगर, म्हणजे चिपेतल्या कोडच्या चुका शोधण्याचे साधन, आहे हे विसरायचे नाही. वरच्या तक्रारींचे मूळ बोर्डात कमी आणि या डीबगरच्या सवयींत जास्त असते.

उदाहरणासाठी एसटी कंपनीचा एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर घेतला आहे, कारण तो सगळीकडे सापडतो. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतील. हेक्स आकड्यांतली अक्षरेही तशीच वाचावीत.

पिन पडते: पोलिंग बंद आहे का?

ओपनओसीडीला एकदा 'टार्गेट' सांगितले, म्हणजे एसटीएम३२एफ१एक्सची तयार फाइल जोडली, की ते गाभ्याची, म्हणजे चिपेतल्या कॉर्टेक्स प्रोसेसरची, अवस्था सतत विचारत राहते. हेच पोलिंग. टॅप म्हणजे जेटॅगचे प्रवेशद्वार; या चिपेत कॉर्टेक्सचा आणि बाउंडरीचा असे दोन टॅप एका साखळीत आहेत. पोलिंगच्या प्रत्येक वेळी ओपनओसीडी कॉर्टेक्सच्या टॅपवर आयआर स्कॅन करते, म्हणजे त्याच्या सूचना-रजिस्टरमध्ये सूचना भरते. आणि ओपनओसीडीचा नियम असा, की एका टॅपला सूचना देताना साखळीतल्या बाकीच्या सर्व टॅपांच्या सूचना-रजिस्टरमध्ये सगळे १ भरायचे, म्हणजे बायपास (टॅपला बाजूला ठेवणारी सूचना). तुम्ही बाउंडरी टॅपवर एक्सटेस्ट ठेवलात, थोड्याच वेळात पोलिंगने कॉर्टेक्सला हात लावला, की तुमचा टॅप बायपासमध्ये गेला. पिनांचा ताबा सुटला. एलईडी 'क्षणभर' लागण्याचे कारण हेच. तो क्षण दर वेळी वेगळा असतो, म्हणून निकालही वेगळे.

'पोल ऑफ' दिले की लक्षण थांबते. पण खरा उपाय म्हणजे चाचणीसाठी टार्गेटच न सांगणे. अडॅप्टरच्या इंटरफेस फाइलीनंतर एवढ्याच ओळी पुरतात:

ट्रान्सपोर्ट सिलेक्ट जेटॅग
अडॅप्टर स्पीड ५००
रीसेट_कॉन्फिग एसआरएसटी_ओन्ली एसआरएसटी_नोगेट कनेक्ट_असर्ट_एसआरएसटी
जेटॅग न्यूटॅप एफ१ सीपीयू -आयआरलेन ४
जेटॅग न्यूटॅप एफ१ बीएस -आयआरलेन ५
इनिट

सुरू होताना जीडीबी (डीबगर) सेवेला टार्गेट हवे अशी कुरकुर येईल. ती येऊ द्या, आपल्याला जीडीबी नकोच आहे.

'आयआरस्कॅन', 'डीआरस्कॅन' (सूचना आणि डेटा सरकवण्याच्या आज्ञा) चालतच नाहीत आणि हातात एसटीचा एसटी-लिंक अडॅप्टर आहे, असे असेल तर फार शोधू नका. एसटी-लिंकचे फर्मवेअर डीबगच्या वरच्या पातळीवरच्या आज्ञा घेते, कच्चे जेटॅग बिट्स हवे तसे सरकवू देत नाही. एफटी२२३२एच किंवा जे-लिंक लागेल. आणि एसडब्ल्यूडी या डीबग-जोडणीच्या दोन तारांवर बाउंडरी स्कॅन होत नाही. बोर्डावर चार पिनांची बर्ग स्ट्रिपच काढलेली असेल तर टीडीआय (डेटा आत) म्हणजे पीए१५ आणि टीडीओ (डेटा बाहेर) म्हणजे पीबी३ इथून तारा ओढाव्या लागतात.

आयडी नुसता पाहू नका, वाचा

न्यूटॅपच्या ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. ओपनओसीडीमध्ये पहिली ओळ टीडीओच्या सर्वांत जवळच्या टॅपची. एफ१ कुटुंबात टीडीआय आधी बाउंडरी टॅपात शिरतो, तिथून कॉर्टेक्समध्ये आणि मग टीडीओला बाहेर पडतो. म्हणून सीपीयू आधी, बीएस नंतर. क्रम उलटला तर आयआरच्या एकूण नऊ बिट्सची वाटणी ४ आणि ५ ऐवजी ५ आणि ४ अशी होते आणि प्रत्येक सूचना एका बिटाने घसरते.

आयडीचे शेवटचे तीन हेक्स अंक निर्मात्याचे. ४७७ म्हणजे आर्म, ०४१ म्हणजे एसटी. त्याच साखळीत एफपीजीए असेल तर झायलिंक्सचा शेवट ०९३, अल्टेराचा ०डीडी. आपल्या उदाहरणात कॉर्टेक्सचा ३बीए००४७७ आणि बाउंडरी टॅपचा १६४१००४१ यायला हवा. पहिला अंक आवृत्तीचा असल्याने तो बदलला तरी चालेल. एफ१०३ च्या नावाने नकली आणि सारख्या पिनांच्या दुसऱ्या चिपाही बाजारात फिरतात. आयडी जुळला नाही तर एसटीची बीएसडीएल फाइल (चिपेच्या बाउंडरी स्कॅनचे वर्णन) त्या चिपेला लागू आहे असे धरून पुढे जाऊ नका.

'ऑल वन्स' किंवा 'ऑल झिरोज' अशी चूक आली तर टीडीओ वर किंवा खाली अडकलेला आहे: तार तुटकी, चिपेला वीज नाही, फर्मवेअरने पिन काढून घेतली किंवा टॅप रीसेटमध्ये. त्याहून फसवा प्रकार म्हणजे आयडी 'जवळजवळ' बरोबर येणे. ३बीए००४७७ च्या जागी ९डीडी००२३बी दिसला तर दोन्ही आकडे बायनरीत मांडून पाहा. सुरुवातीचा एक बिट गळून सगळे एक घर खाली सरकले आहेत आणि रिकाम्या जागी पुढच्या टॅपचा पहिला १ येऊन बसला आहे. चिपेने टीसीकेचा (जेटॅगच्या घड्याळाचा) एक ठोका दोनदा मोजला. हा सॉफ्टवेअरचा नव्हे, तारेचा दोष.

त्यावर इलाज. एफआरसी (चपटी) केबल १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. २० पिनांच्या जोडणीत ४ पासूनच्या सम पिना ग्राउंडच्या असतात, त्यातली एकच जोडून भागवू नका. टीसीकेशेजारच्या तारेत ग्राउंड हवाच. टीसीकेवर अडॅप्टरच्या बाजूला ३३ ते १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. वेग कमी करून हा दोष जात नाही हे लक्षात घ्या. कडेवर उठणारी थरथर ५०० किलोहर्ट्झला असते तशीच ५० ला असते, कारण कड तेवढीच तीव्र राहते. वेग कमी केल्याने सुधारणा झाली तर दुखणे वेगळे आहे: टीडीओ उशिरा पोचतोय, बहुधा मधल्या बफरमुळे किंवा फार मोठ्या मालिका-रेझिस्टरमुळे. हे सामान, म्हणजे २० पिनांची केबल, बर्ग, रेझिस्टर, पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते. अडॅप्टर घेताना मात्र त्याची पातळी ३.३ व्होल्टची आहे आणि बोर्ड १.८ चा नाही, एवढे पाहून घ्या.

लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याचे ग्राउंड हवेत तरंगते आणि वाय-कपॅसिटरमधून गळणारा करंट अडॅप्टरमधून बोर्डाकडे वाट शोधतो. आधी ग्राउंडची तार, मग बाकीची केबल. चाचणीच्या वेळी चार्जर काढून ठेवला तर उत्तम.

एनआरएसटी (चिपेची रीसेट पिन) खाली धरा. पण कसा?

फर्मवेअर भरलेल्या बोर्डावर ही पायरी चुकते. क्यूबएमएक्स या एसटीच्या कॉन्फिगरेशन साधनात डीबगसाठी 'सिरीयल वायर' निवडलेले असते, त्यामुळे कोड सुरू होताच जेटॅग बंद पडते आणि पीए१५, पीबी३, पीबी४ साध्या पिना होतात. कोरी चिप ओळखली जाते, प्रोग्रॅम केलेली ओळखली जात नाही, हा त्याचाच खेळ. एसटीच्या बीएसडीएल फाइलीतली 'डिझाइन वॉर्निंग' वाचली तर तिथेही सांगितलेले असते की चिपेच्या कॉन्फिगरेशनने बाउंडरीचे वागणे बदलू शकते, एनआरएसटी खाली धरून ठेवा. फाइल उघडून थेट पिनांच्या तक्त्याकडे धावल्यामुळे ही ओळ राहून जाते.

रीसेट_कॉन्फिगच्या ओळीत 'कनेक्ट_असर्ट_एसआरएसटी' त्यासाठीच आहे (एसआरएसटी हे ओपनओसीडीतले एनआरएसटीचे नाव). 'इनिट'नंतर 'अडॅप्टर असर्ट एसआरएसटी' पुन्हा द्या आणि एनआरएसटी पिनेवर मल्टिमीटर लावून शून्य व्होल्ट खरोखर दिसतात का पाहा. न दिसल्यास बहुतेक वेळा अडॅप्टरच्या फाइलीत एनएसआरएसटी सिग्नलची व्याख्याच नसते. स्वस्त मॉड्यूलांचे हे नेहमीचे आहे. अशा वेळी सरळ एक जंपर लावून एनआरएसटी ग्राउंडला बांधा. चिपेच्या आत पुल-अप आहे, नुकसान काही नाही.

आता उलटी अडचण. काही बोर्डांवर टीआरएसटी (टॅपचा रीसेट) आणि एनआरएसटी एकाच ट्रॅकवर, शून्य ओहमच्या रेझिस्टरने जोडलेले असतात. तिथे एनआरएसटी खाली धरला की टॅपही रीसेटमध्ये अडकतो आणि साखळी मुकी होते. या जोडणीवर बाहेरचा वॉचडॉग असेल तर आणखी मजा: कोड चालत नसल्याने तो ठरावीक वेळाने रीसेट मारतो, टॅप टेस्ट-लॉजिक-रीसेटला जातो, एक्सटेस्ट जाऊन आयडीकोड बसतो. पिन दर एक-दोन सेकंदांनी पडत असेल आणि पोलिंग बंद असेल, तर ऑसिलोस्कोप टीआरएसटीवर लावा. शून्य ओहम उचलणे आणि टीआरएसटी वेगळा वर ओढणे हाच मार्ग. सेटिंगने हे सुटत नाही.

बिट्सची लांबी तपासून घ्या

ओपनओसीडीला बीएसडीएल वाचता येत नाही. युआरजेटॅग या दुसऱ्या साधनाला येते. इथे फाइलीतला तक्ता तुम्हालाच आज्ञांमध्ये उतरवावा लागतो. तीन गोष्टी घ्या: बाउंडरी लेंग्थ, सूचनांचे कोड आणि प्रत्येक पिनेच्या सेलांचे (बाउंडरी रजिस्टरमधल्या एकेका बिटाच्या जागांचे) क्रमांक. एफ१०३ ला एक्सटेस्ट ००, सॅम्पल (पिना नुसत्या वाचणे) आणि प्रीलोड (मूल्ये आधी भरून ठेवणे) ०२, बायपास १एफ. एक्सटेस्ट म्हणजे सगळे शून्य, असे पाठ करून ठेवू नका. आयईईई ११४९.१ च्या १९९० च्या आवृत्तीत तसा नियम होता, २००१ च्या आवृत्तीने तो सैल केला. नव्या चिपेत कोड वेगळा असू शकतो.

सेल क्रमांक ० टीडीओच्या सर्वांत जवळ, म्हणून तो पहिल्या फील्डचा सर्वांत खालचा बिट. 'डीआरस्कॅन'ला एका फील्डमध्ये ३२ पेक्षा जास्त बिट्स देऊ नयेत. फाइलीत लांबी २३२ असेल तर ३२ ची सात फील्ड आणि ८ चे एक.

लांबीची खातरजमा एका खुणेने होते. आधी सॅम्पल टाका. सॅम्पलमध्ये पिना चिपेच्याच ताब्यात राहतात, म्हणून कचरा सरकवला तरी बाहेर काही हलत नाही. मग 'डीआरस्कॅन'मध्ये ३२ बिट्स जादा द्या: पहिल्या फील्डमध्ये १२३४५६७८, बाकी शून्य, मांडणी अशी की ३२ ची सात, ८ चे एक, आणि शेवटी ३२ चे एक. लांबी खरोखर २३२ असेल तर शेवटच्या फील्डमध्ये तीच खूण बाहेर आली पाहिजे. पण ती १२३४५६७८ दिसणार नाही. २४६८एसीएफ० किंवा २४६८एसीएफ१ दिसेल. घाबरू नका. टीडीओकडच्या कॉर्टेक्स टॅपसाठी ओपनओसीडी बायपासचा एक बिट पुढे घालते, तो आधी साखळीत शिरतो, म्हणून खूण एक घर वर सरकते. आकडा बरोबर दुप्पट आला म्हणजे लांबी बरोबर. चौपट किंवा निम्मा आला तर फाइलीतली लांबी आणि चिप जुळत नाहीत. पॅकेज चुकीचे घेतले आहे का, ते आधी पाहा.

या तपासणीनंतर थेट एक्सटेस्टवर उडी मारू नका. प्रीलोडच्या लॅचमध्ये तुमचा कचरा बसलेला आहे, तोच पिनांवर येईल. मोसफेट, रिले किंवा शेजारच्या चिपेचे आउटपुट त्या पिनेवर असेल तर महागात पडते. फाइलीत प्रत्येक सेलपुढे सुरक्षित मूल्य दिलेले असते. ते सर्व भरून एक स्कॅन, आणि मगच एक्सटेस्ट.

एफ१०३ मध्ये प्रत्येक पिनेमागे तीन सेल असतात: इनपुट, आउटपुट आणि कंट्रोल. पिन चालवायची तर आउटपुट सेलसोबत कंट्रोल सेलही फिरवावा लागतो. कंट्रोलचे कोणते मूल्य पिन बंद करते हे तक्त्यातच असते. 'पिन वर जातच नाही' या तक्रारीत निम्म्या वेळा कंट्रोल सेल विसरलेला असतो.

वाचलेले बिट्स जुळत नाहीत: ते मागच्या वेक्टरचे आहेत

यात जाणती माणसेही फसतात. एका 'डीआरस्कॅन'मध्ये आधी कॅप्चर (पिनांची स्थिती टिपणे) होते, मग शिफ्ट (बिट्स सरकवणे), शेवटी अपडेट (नवी मूल्ये पिनांवर देणे). म्हणजे वेक्टर (एका वेळी पिनांवर टाकायचा बिट्सचा संच) क्रमांक ५ सरकवताना जे बिट्स हातात येतात ते वेक्टर ४ पिनांवर असतानाचे. पाचव्याचे उत्तर सहाव्या स्कॅनमध्ये मिळते. शेवटच्या वेक्टरनंतर तोच वेक्टर आणखी एकदा सरकवायचा, त्याचा निकाल वाचण्यासाठी. स्क्रिप्टमध्ये तुलना एका पायरीने मागे केली नाही तर सगळे बोर्ड नापास होतात. सगळेच्या सगळे बोर्ड एकाच तऱ्हेने नापास झाले, तर बोर्डांना दोष देण्याआधी स्क्रिप्ट उघडा.

वेक्टर किती लागतात? नेट म्हणजे बोर्डावरची एक जोडणी. नेट्स कितीही असोत, प्रत्येक नेटला वेगळा आकडा द्यायचा, फक्त सगळे ० आणि सगळे १ हे दोन टाळायचे. ३० नेट्सना ५ वेक्टर पुरतात, कारण ३० अधिक २ म्हणजे ३२, आणि ३२ साठी ५ बिट. त्यांचे उलटे वेक्टरही चालवले तर १० होतात. शॉर्ट कुठल्या दोन नेट्समध्ये आहे हे उलट्यांमुळे बरेच स्पष्ट कळते, तेव्हा ते पाच वाचवू नका.

काही नेट्स मात्र बरोबर असूनही चुकीच्या दिसतात. बटणाच्या नेटवर १० किलोओहमचा पुल-अप आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर वेळस्थिरांक १ मिलिसेकंद. पिन सोडल्यावर नेटला वर चढायला तीन मिलिसेकंद सहज लागतात, आणि पुढचे कॅप्चर त्याआधीच होऊन गेलेले असते. दोन स्कॅनमध्ये 'रनटेस्ट ५०००' (टीसीकेचे ५००० ठोके) घाला. १ मेगाहर्ट्झला त्याचे ५ मिलिसेकंद होतात, ५०० किलोहर्ट्झला १०. अडॅप्टर स्पीड बदलला की हा आकडाही बदलायचा, नाहीतर 'काल चालत होते' सुरू होते. 'स्लीप ५' दिले तर वेगाशी संबंध राहत नाही, पण टीसीके थांबलेला असतो. एफ१०३ ला दोन्ही चालते.

कुठेच न जोडलेली किंवा फक्त इनपुटला जाणारी नेट तरंगत असते. तिचा निकाल मोजू नका, तक्त्यात झाकून टाका. पावसाळ्यात हे जास्त जाणवते: जुलै-ऑगस्टमध्ये न धुतलेला फ्लक्स ओल धरतो आणि तरंगती नेट शेजारच्या नेटच्या मागे जाऊ लागते, शॉर्टसारखी. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन, वाळवून पुन्हा चालवा. शॉर्ट पुसून गेला तर तो शॉर्ट नव्हता.

कपॅसिटरमधून जोडलेल्या वेगवान डिफरन्शियल जोड्या या पद्धतीने तपासता येत नाहीत. त्यासाठी ११४९.६ हे वेगळे मानक आहे आणि दोन्ही बाजूंच्या चिपांनी ते पाळलेले असावे लागते.

एसव्हीएफ फाइल चालवत असाल तर

दुसऱ्या साधनाने बनवलेली एसव्हीएफ फाइल (स्कॅनच्या आज्ञांची मजकूर फाइल) बहुधा साखळीत एकच चिप आहे असे धरून बनवलेली असते. ती नुसती 'एसव्हीएफ' आज्ञेने चालवली तर पहिल्याच टीडीओ तपासणीला अडते. '-टॅप एफ१.बीएस' जोडा, म्हणजे आधीची व नंतरची भरती ओपनओसीडी स्वतः घालते. फाइल पूर्ण साखळीसाठी बनवलेली असेल तर मात्र '-टॅप' देऊ नका. चूक सोडून पुढे जाण्याचा पर्याय आहे, पण तो फक्त पहिली चूक कुठे आणि शेवटची कुठे हे पाहण्यापुरता वापरा. उत्पादनाच्या स्क्रिप्टमध्ये तो राहून गेला तर प्रत्येक बोर्ड पास.

रोजच्या कामाला स्क्रिप्ट ओपनओसीडीच्या ६६६६ पोर्टवरून चालवणे सोयीचे. प्रत्येक आज्ञेच्या आणि उत्तराच्या शेवटी हेक्स १ए हा एक बाइट असतो. तो येईपर्यंत उत्तर पूर्ण झाले असे समजू नका, नाहीतर अर्धेच फील्ड वाचून तुलना होते आणि चूक अधूनमधून दिसते. अधूनमधून दिसणारी चूक बोर्डाच्या माथी मारणे फार सोपे असते.

केबल काढण्याआधी

चाचणी संपली म्हणून केबल ओढली तर एक्सटेस्ट सुटत नाही. चिपेच्या आत टीसीकेला पुल-डाउन आणि टीएमएसला (टॅपची अवस्था बदलणाऱ्या सिग्नलला) पुल-अप आहे, त्यामुळे टॅप आहे त्याच अवस्थेत शांत बसून राहतो आणि शेवटचा वेक्टर पिनांवर तसाच राहतो. रिले लागलेला असेल तर लागलेलाच. आधी सुरक्षित मूल्यांचा एक स्कॅन, मग 'आयआरस्कॅन एफ१.बीएस' ला १एफ, मग एनआरएसटी सोडा. जंपर लावला असेल तर तो आठवणीने काढा. नाहीतर पुढच्या टेबलावर फर्मवेअर का सुरू होत नाही याचा शोध लागतो.